काशिराम घरत आणि पिकअपचं तेल

काशिराम घरत गाडीचं दार कधी आपटत नसे. हँडल दाबून धरायचा, दार चौकटीला टेकवायचा आणि मग हलकेच सोडायचा. नर्सरीत कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी ते दार धाडकन लावलं, तर तो म्हणाला, "बाय, ती काय बैल हाय का ढकलायला?" रागाने नव्हे, लहान पोरीला सांगावं तसं. पुन्हा मी त्या गाडीचं दार आपटलं नाही.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी बी.एस्सी. करून घरी बसले होते. खांदा कॉलनीत आईवडिलांकडे राहायचे, आणि सुकापूरच्या रस्त्याला अरुंधतीताई देवस्थळींची नर्सरी होती, तिथे मला काम मिळालं. रोपांच्या नोंदी ठेवायच्या, सोसायट्यांकडून ऑर्डरी घ्यायच्या. नवीन पनवेलमध्ये तेव्हा रोज एक इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक सोसायटीला कुंपणाला बोगनवेल आणि फाटकापाशी अशोक हवाच असायचा. आम्ही रोपं द्यायचो आणि काशिराम ती पिकअपमधून पोचवायचा.

ही पिकअप साधी नव्हती. न्हाव्याला बंदर बांधायला आलेल्या एका परदेशी कंपनीने ती आणलेली, पंच्याऐंशीच्या आसपासची जपानी गाडी. पांढरी, लांब नाकाची. बंदरात काशिरामच्या घरची शेती गेली आणि त्याला कंपनीत ड्रायव्हरची नोकरी मिळाली, तेव्हापासून ही गाडी त्याच्या हातात. बंदर पुरं झालं, कंपनी गेली, गाड्या लिलावात निघाल्या. अरुंधतीताईंनी ही घेतली आणि लिलावाच्या जागेवरच काशिरामला विचारलं, "तुम्ही येता का गाडीबरोबर?" तो आला.

ताईंना ती गाडी हवी होती त्याला कारण होतं. त्यांचा उजवा खांदा लहानपणी निखळलेला, जोर देऊन काही वळवता येत नसे. या पिकअपला पॉवर स्टिअरिंग होतं, म्हणजे तेलाच्या पंपाच्या जोरावर चाक हलकं होणारं. पनवेलमध्ये तेव्हा टेम्पोवाले अख्खं अंग टाकून चाक वळवायचे, आणि ही गाडी मात्र एका बोटाने वळायची. ताईंना गाडी चालवायला काशिरामनेच शिकवलं. नवीन पनवेलच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर दोघं महिनाभर रोज सकाळी जायची. ताई त्याला काशीदादा म्हणायच्या. त्यांचे यजमान चारुदत्त पुण्याला नोकरीत, मुलगा शाळेत, त्यामुळे नर्सरीचा सगळा भार या दोघांवर. भाऊबीजेला ताई त्याला ओवाळायच्या, शर्टाचं कापड द्यायच्या. सकाळी इथे ओवाळून घेऊन मग तो बेलपाड्याला आपल्या सख्ख्या बहिणीकडे जायचा. दिपाकडे.

दिपाला मी दोनतीनदा पाहिलं होतं. ठसठशीत बाई, बोलायला फटकळ. तिच्या नवऱ्याचा, प्रदीप भोईरचा, मांडवाचा धंदा होता. लग्नं, हळदी, साखरपुडे यांना बांबू, कापड, खुर्च्या पुरवायच्या. खारघरच्या बाजूला वस्ती वाढायला लागली तशी त्याचीही कामं वाढली होती, पण सामान न्यायला दर वेळी टेम्पो मागवावा लागायचा.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला कळलं की नर्सरीची जागा जाणार. जागा भाड्याची, मूळ मालकाला तिथे इमारत बांधायची होती. ताईंनी ठरवलं, आता पुण्याला जायचं. मला त्यांनी ते एप्रिलमध्ये सांगितलं. काशिरामला त्यांनी आधीच सांगितलं असावं, कारण तो आठवडाभर गप्प होता.

त्याआधी मार्चमध्ये तो आठ दिवस रजेवर होता. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या आठ दिवसांत गाडी आवाज करायला लागली. वळवताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा सूर यायचा, आधी बारीक, मग चांगला रस्ताभर ऐकू जाईल असा. ताई स्वतः गाडी घेऊन ठाण्याला गेल्या. तिथे परदेशी गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज होतं. दुपारी गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. आवाज तसाच होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलंय त्यांनी काय करायचं ते. काशीदादा आले की बघतील."

काशिराम आला आणि ताई त्याला म्हणाल्या, "काशीदादा, स्टिअरिंगचं तेल बदलायचंय. तुम्हीच करा, दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

हे काम त्याच्याइतकं नीट करणारा पनवेलमध्ये दुसरा कुणी नव्हता. बंदरावर एक म्हातारा परदेशी मेकॅनिक होता, त्याने हातवाऱ्यांनी शिकवलं होतं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. काशिराम ती शिकवणी अजून म्हातारा बोलायचा तशीच बोटं नाचवून दाखवायचा. लागणारं तेल लाल असायचं, सरबतासारखं. ते पनवेलच्या दुकानांत मिळत नसे. मुंबईच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून त्याने ते स्वतः जाऊन आणलं, पिशवीत दोन डबे, वर वर्तमानपत्र गुंडाळून.

सकाळी आठला त्याने गाडी जांभळाच्या सावलीत लावली. जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले. मग मला हाक मारली.

"बाय, आत बस. मी बोललो का चाक फिरवायचं. इकडून पार तिकडं, मंग तिकडून इकडं. किल्लीला हात नाय लावायचा. इंजिन बंदच पायजे."

मी बसले. तो बॉनेटखाली वाकलेला. आधी त्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं, मोठ्या सिरिंजने आतलं जुनं तेल ओढून घेतलं. मग तेल टाकीत परत आणणारी नळी काढून तिचं तोंड एका बाटलीत घातलं, आणि काढलेल्या जागी बूच बसवलं. "फिरव." मी चाक फिरवलं, इंजिन बंद असल्यामुळे ते जड होतं. बाटलीत काळपट तपकिरी तेल पिचकारीसारखं आलं. "दुसऱ्या बाजूला." तो वरून लाल तेल ओतत होता, मी चाक फिरवत होते. टाकी रिती झाली तर आत हवा शिरते आणि ती बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून तो नजर हलवत नव्हता. बाटलीतला रंग आधी काळा, मग विटकरी झाला आणि शेवटी स्वच्छ लाल उतरला.

तेव्हा तो थांबला. जुन्या तेलाचा थेंब दोन बोटांत घेऊन चोळला, आणि मग पांढऱ्या फडक्यावर पुसला. फडकं उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"चमकतंय," तो म्हणाला.

खाली उतरून मी पाहिलं. फडक्यावर चांदीची भुकटी सांडावी तसे बारीक कण होते.

ताई शेडमध्ये कुंड्या मोजून वेगळ्या करत होत्या. काशिराम फडकं घेऊन तिकडे गेला, मी मागून गेले. तो म्हणाला, "ताई, तेलात धातूचा चुरा हाय. पंप झिजला असंल. एकदा खोलून बघाया पायजे."

ताईंनी कुंडी खाली ठेवली, हात पुसले आणि फडकं हातात घेऊन बघितलं. मग त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मी विचारलं त्यांना ठाण्याला. त्यांनी सगळं तपासलंय, काशीदादा. म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीत थोडा चुरा येतोच. नुसतं तेल जुनं झालंय, बदला, बाकी काही नाही."

"पंप बघितला त्यांनी?"

"बघितला ना. माझ्यासमोर."

काशिरामच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं मला दिसलं. "मंग ठीक," म्हणाला. परत येऊन त्याने नळी जोडली, तेल खुणेपर्यंत भरलं, मला वीसेक वेळा चाक फिरवायला लावलं. फेस बसेपर्यंत थांबला. मग चाकं खाली टेकवून गाडी चालू केली. कण्हणं बंद झालं होतं. तो हसला, आणि म्हाताऱ्या मेकॅनिकसारखा अंगठा वर केला.

दोन दिवसांनी ताईंनीच विषय काढला. "काशीदादा, तुमच्या प्रदीपला गाडी हवी होती ना? मी बाहेर कुणाला देण्यापेक्षा तुमच्या घरात गेली तर मला बरं वाटेल. तुमच्याही नजरेसमोर राहील."

मला वाटतं, काशिरामला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका त्या वर्षात कशानेच झाला नसेल. गाडी घरात राहणार होती.

रविवारी प्रदीप आला. त्याने गाडीला दोन चकरा मारल्या, सुकापूरच्या फाट्यापर्यंत जाऊन आला. खाली उतरून म्हणाला, "दादूस, लोनी हाय ही तर. पन जुनी हाय. तू सांग, घेव का नको?"

"धाकधूक नको," काशिराम म्हणाला. "मी चालवलीय ती इतकी वरसं. ठाण्याच्या गॅरेजनं तपासलीय, तेल मी माज्या हातानं बदललंय. घे."

प्रदीप ताईंकडे वळलासुद्धा नाही. त्याने गाडी घेतली ती काशिरामच्या शब्दावर.

त्यानंतर दीड महिनाही झाला नसेल. मे महिना, लग्नाची धामधूम. तळोज्याच्या बाजूला एका गावात हळद होती. प्रदीप गाडीत बांबू, कापड आणि खुर्च्या भरून निघाला. मागे सामानावर त्याच्याकडचा मजूर बाळ्या बसला होता. बाळ्या कातकरी वाडीवरचा, तिशीतला, मांडवाच्या खांबावर खारीसारखा चढणारा. उतारावरून गाडी खाली आली, पुढे डावं वळण. प्रदीपने रोजच्यासारखं एका हाताने चाक वळवायला घेतलं आणि ते हललंच नाही. दगड झालं, तो नंतर सांगायचा. त्याने दुसरा हात लावला, अंग टाकलं, पण तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी बांधावरून उडून कोरड्या खाचरात कलंडली. प्रदीपचं मनगट मोडलं. बाळ्यावर बांबूचा भारा आला, त्याची डावी मांडी दोन ठिकाणी मोडली.

काशिरामला निरोप मिळाला तेव्हा आम्ही नर्सरीत शेवटची रोपं एका बंगलेवाल्याला देत होतो. तो तसाच सरकारी दवाखान्यात धावला. संध्याकाळी मीही गेले. बाळ्याच्या पायाला वजन लावून टांगलं होतं, बायको शुक्री खाली फरशीवर बसली होती. काशिराम पायथ्याशी उभा होता. तो बाळ्याला म्हणाला, "माजी चूक झाली रं."

बाळ्याला काही कळलं नाही. "तुमी कुठं व्हता गाडीत?" तो म्हणाला.

दिपा तिथेच होती. नवऱ्याला प्लॅस्टर घातल्यावर त्याचा दुसरा हात धरून ती काशिरामच्या शेजारून निघून गेली, जसा काही तो तिथे नव्हताच.

बेलपाड्यात दोन दिवसांत बोललं जायला लागलं, की मालकिणीची खराब गाडी भावाने बहिणीच्या गळ्यात बांधली. हे काशिरामच्या कानावर आलं. पण त्याला लोकांच्या बोलण्यापेक्षा दुसरंच काही खात होतं. रोज येऊन तो मला तेच विचारायचा. "बाय, तूबी बघितलास ना त्यो चुरा? ताईंनी इचारलं व्हतं ना ठाण्याला?" मी हो म्हणायचे. तो म्हणायचा, "मंग गॅरेजवाल्याची चूक. त्याला दिसलं नसंल." ताईंवर त्याचा संशय तसूभरही नव्हता. उलट, ताईंना वाईट वाटेल म्हणून अपघाताची हकिगत त्याने त्यांना कमी करून सांगितली होती.

ऑफिस म्हणून वापरायच्या खोलीतले कागद आवरायचं काम माझ्याकडे होतं. गुरुवारी टेबलाच्या खालच्या खणातून मला ठाण्याच्या गॅरेजचा कागद मिळाला. इंग्रजीत, हाताने लिहिलेला, खाली सही: धर्मराज. मी तो तीनदा वाचला. स्टिअरिंगचा पंप आतून झिजला आहे. तेलात धातू येत आहे. पंप बदलल्याशिवाय गाडी वापरू नये. नवीन तेल घातल्यास आवाज काही दिवस बंद होईल, पण पंप केव्हाही दगा देईल. आणि शेवटची ओळ: मालकांना हे समजावून सांगितले आहे.

कागद परत खणात ठेवावा, असंही क्षणभर वाटलं. ताईंनी मला पहिली नोकरी दिली होती, त्या मला घरच्यासारखं वागवायच्या. पण त्या दिवशी चाक मी फिरवलं होतं, आणि ताई डोळ्यांत बघून बोलल्या ते मी ऐकलं होतं.

काशिरामला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. मी त्याला कागद वाचून दाखवला, एकेक ओळ मराठीत सांगून. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "परत वाच." मी परत वाचला. मग तो म्हणाला, "गॅरेजवाल्यानं नंतर लिवलं असंल. अपघात झाल्यावर. सोताला वाचवाया."

कागदावर मार्चची तारीख होती. तरी त्याच्या समाधानासाठी आम्ही नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. फोन मी लावला. धर्मराज म्हणून जो माणूस बोलला त्याने गाडीचं नाव सांगताच ओळखली. "अहो, मॅडमना मी दोनदा सांगितलं. पंप दाखवला खोलून. त्या म्हणाल्या, गाडी विकायचीच आहे, फक्त आवाज जाईल का तेल बदलून? मी म्हटलं जाईल, पण विकणार असाल तर घेणाऱ्याला सांगा. का हो, काय झालं?"

मी रिसीव्हर आम्हा दोघांना ऐकू येईल असा धरला होता, त्यामुळे त्याने सगळं ऐकलं. तो बूथबाहेर जाऊन कट्ट्यावर बसला. रिक्षा येत जात होत्या. मग म्हणाला, "माज्याकडून बदलून घेतलं तेल."

त्याच दुपारी आम्ही ताईंच्या घरी गेलो. घरातलं अर्धं सामान बांधलेलं, खोक्यांवर नावं लिहिलेली. ताईंनी नेहमीसारखं "या काशीदादा" म्हटलं, मग माझ्या हातातला कागद पाहिला आणि खाली बसल्या.

काशिराम उभाच राहिला. "ताई, ह्ये खरं हाय?"

त्यांनी नाकारलं नाही, एवढं मात्र सांगायला हवं. "हो," म्हणाल्या. "मला वाटलं, निदान पावसाळ्यापर्यंत चालेल. तोवर प्रदीप काहीतरी करेल. इतकं होईल असं खरंच वाटलं नव्हतं. जागा सुटत होती, इकडे एवढं सगळं आवरायचं, आणि ठाण्याचा माणूस म्हणाला की हा पंप मिळायलाच दोन महिने लागतील. मी काय करणार होते?"

"मना सांगायचं."

ताई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही प्रदीपला सांगितलं असतंत. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, काशीदादा. म्हणून नाही सांगितलं."

"तेल दुसऱ्या कोनाकडून बदलून घ्यायचं व्हतं."

"दुसऱ्याने बदललं असतं तर प्रदीपने विश्वास ठेवला असता का?"

हे त्या हळू बोलल्या, कुणाला तरी समजूत पटवावी तशा. मला वाटलं, काशिराम ओरडेल, निदान खोक्याला लाथ घालेल. तो तसा माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, मना दुसरं काय नको. तुमी फक्त बेलपाड्याला येवा. दिपाला सांगा का काशिरामला ठाव नव्हतं. येवढंच सांगा. बाकी काय बोलू नका."

ताई रडायला लागल्या. "येते. रविवारी सकाळी येते. तुम्ही इथे या, आपण बरोबर जाऊ." मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "ऋचा, तो कागद दे. मीच दाखवीन दिपाला."

मी दिला. आजही मला तो हात दिसतो, माझा.

रविवारी सकाळी नऊ वाजता काशिराम इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या दारात उभा होता. मी पोचले तेव्हा तो कुलपाकडे बघत होता. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सामानाचा ट्रक काल दुपारीच गेला, पाठोपाठ त्याही गेल्या. माझ्यासाठी एक पाकीट ठेवलं होतं. उघडलं तर आत माझ्या कामाची शिफारस करणारं पत्र, सुंदर अक्षरात. काशिरामसाठी काही नव्हतं, निरोपसुद्धा नाही. त्याने शेजारच्या बाईंना पुन्हा विचारलं, "नक्की कालच? आज येनार असं काय बोलल्या नाय?" बाई नाही म्हणाल्या. तो जिना उतरला, खाली जाऊन पुन्हा वर आला, आणि कुलूप एकदा हाताने ओढून बघितलं.

मी म्हटलं, "चला, मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते."

बेलपाड्याला दिपा ओटीवर मासळी साफ करत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चुरा, ताईंचं उत्तर, कागद, फोन. कागद कुठे आहे विचारलं तेव्हा तोही कसा गेला ते सांगितलं. प्रदीप आतून दारात येऊन ऐकत होता, गळ्यात हात बांधलेला.

दिपा माझ्याकडे नाही, भावाकडे बघत होती. "मना हिचं पटतंय," ती म्हणाली. "ती बाई तशी असंल. पन दादूस, तू मना सांग. तुला त्यो चुरा दिसला व्हता. डोल्यानं दिसला. मंग ह्याना का नाय सांगितलास? येवढंच बोलायचं व्हतं का, चुरा दिसला, पन गॅरेजवाला बोलतो काय नाय. आमी बघितलं असतं आमचं."

"ताई बोलली..." काशिराम म्हणाला आणि थांबला.

"ताई बोलली," दिपा म्हणाली. "ती ताई. आनि मी तुजी कोन?"

तो ओटीच्या खालच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदा रडला, मोठ्याने, आजूबाजूची घरं बघत असताना. दिपा उठली नाही. हातातला मासा खाली ठेवून ती मान वळवून बसली. प्रदीपने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि डाव्या हाताने मेहुण्यापुढे ठेवला.

पुढचे दोन महिने काशिराम त्या गाडीमागे होता. ठाण्याला जाऊन धर्मराजला भेटला. धर्मराजने सांगितलं की कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोध, अशा गाड्या तिथे फुटतात. तो आठवड्यातून दोन दिवस कुर्ल्याला जायचा. अकराव्या की बाराव्या खेपेला त्याला पंप मिळाला. तो धर्मराजने खोलून, सील बदलून, तपासून दिला, आणि काशिरामने बेलपाड्याच्या अंगणात तो बसवला. तेल पुन्हा बदललं. या वेळी चाक फिरवायला प्रदीप बसला होता. बाटलीतलं जुनं तेल काशिरामने त्याला दाखवलं, बोटाने चोळून फडक्यावर पुसून दाखवलं, नव्याने भरलेलं पुन्हा काढून तेही दाखवलं. प्रदीप म्हणाला, "पुरे झालं, दादूस." तो म्हणाला, "नाय, बघ तू."

बाळ्याचा पाय जुळला, पण बोटभर आखूड राहिला. खांबावर चढणं संपलं. काशिराम दर आठवड्याला वाडीवर जायचा, कधी तांदूळ, कधी औषध घेऊन. शुक्रीने पहिल्या वेळी पिशवी घेतली नाही, दुसऱ्या वेळी घेतली. पुढे प्रदीपने बाळ्याला मांडवाच्या सामानावर राखणीला ठेवलं, आणि पिकअप चालवायला काशिरामच राहिला. बाळ्या त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचा. मागे सामानावर काशिरामने त्याला पुन्हा कधी बसू दिलं नाही.

दिपा वर्षभर बोलली नाही. पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला काशिराम कुणी न बोलावता सकाळीच बेलपाड्याला जाऊन बसला. तिने दुपारपर्यंत बसवून ठेवलं, मग पाट मांडला. ओवाळताना ती काही बोलली नाही, पण जेवायला वाढताना "भात घे" म्हणाली. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो ते दोन शब्द तिच्याच आवाजात म्हणून दाखवत होता.

गाडीबद्दल मात्र तो कुणाला काही सांगेनासा झाला. पनवेलचे कितीतरी लोक जुनी गाडी घेताना आधी त्याला विचारायला यायचे. आता तो हात जोडायचा. "खोलून बघा, मेकॅनिकला दाखवा, मना नका इचारू." एकदा मी म्हटलं, "तुमची काय चूक होती?" तर म्हणाला, "चूक नाय बाय. पन माज्या बोलन्यावर मानूस गाडीत बसतो, आनि माजं बोलनं दुसऱ्याच्या हातात व्हतं. ह्ये मना परत नको."

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात माझ्या घरी पुण्याहून फोन आला. आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. ताईंनी माझी चौकशी केली, आईवडिलांची केली. मग म्हणाल्या, मुलाची मुंज आहे, काशीदादांना बोलवायचंय, त्यांचा पत्ता हवा. "ते कसे आहेत गं? माझी आठवण काढतात का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

मी त्याला शोधत गेले तेव्हा तो आणि बाळ्या एका लग्नाच्या खुर्च्या पिकअपमध्ये रचत होते. मी फोनचं सांगितलं. काशिराम ऐकत राहिला. हातातली खुर्ची त्याने खाली ठेवली नाही.

"बरा हाय म्हनून सांग," तो म्हणाला. "पत्ता नको देव."

"अजून काही सांगू?"

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि खुर्ची बाळ्याच्या हातात दिली.